श्वासांची मोजदाद

आपल्या मुलखातील जुनी माणसे सन लक्षात ठेवीत नसत. ती साल लक्षात ठेवीत. एखाद्या आजीबाईंना वय विचारावे, तर "ते मेलं मला काय ठाऊक! पण प्लेगाच्या साली मी पाळण्यात होते," असे उत्तर यायचे. कोणी दुष्काळाच्या साली जन्मलेले, कोणी पुराच्या साली लग्न झालेले, तर कोणी मानमोडीच्या साली पोरके झालेले. यांपैकी प्लेग आणि दुष्काळ यांची ओळख आजच्या पिढीलाही पटते. मानमोडी म्हणजे काय, हे मात्र घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना विचारून पाहा. ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील.

मानमोडी म्हणजे 1918 सालचा इन्फ्लुएंझा. रोग्याचे अंग मोडून येई, मान टाकली जाई आणि धडधाकट माणूस पाहता पाहता आटपून जाई. म्हणून लोकांनी ठेवलेले हे नाव. इंग्रजी नावापेक्षा ते किती बोलके आहे पाहा! इन्फ्लुएंझा हा शब्द मूळचा इटालियन. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने हा रोग उद्भवतो अशी तिकडच्या लोकांची समजूत होती, म्हणून त्याचे नाव ‘प्रभाव’. आपणही या बाबतीत मागे नव्हतो. सुश्रुताने लहान मुलांना पीडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत. मूल एकाएकी तापले, दूध पिईना, डोळे फिरवू लागले, की पश्चिमेच्या माणसाने आकाशाकडे पाहावे आणि आपण बालग्रहांची शांत करावी. आजाराचे कारण डोळ्यांना दिसेना, तेव्हा माणसाने ते दूर कोठे तरी नेऊन ठेवले, एवढाच याचा अर्थ.

मी इतिहासाचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. जुन्या खानेसुमारीचे अहवाल चाळणे हा माझा छंद आहे, आणि घरातील मंडळी त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात. तेही खरेच असेल. परंतु आकड्यांच्या त्या रुक्ष रकान्यांतून फिरताना मला एक गोष्ट वारंवार जाणवत आली. आपण मेलेल्यांची मोजदाद केली, आणि तीही फार उशिरा. जिवंत मुलाचा श्वास मोजावा, हे आपल्याला सुचायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. या दोन मोजदादींमधील अंतर हाच आजच्या लेखाचा विषय. दिवाळीच्या अंकात रोगाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळी हा मुलांचा सण आहे, आणि ही गोष्ट मुलांच्या श्वासाची आहे. शिवाय 1918 ची दिवाळी या रोगाच्या छायेतच आली होती.

झाले ते असे. 10 जून 1918 रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यापैकी एकाचा पहारा गोदीवर होता. महायुद्धाचे ते शेवटचे वर्ष. फौजांची ने-आण करणारी जहाजे बंदराला लागत होती. पाहता पाहता गोदी, गिरण्या, कचेऱ्या, सगळीकडे माणसे अंथरुणाला खिळली. तरीही ही पहिली लाट तशी सौम्यच म्हणावी लागेल. माणसे दोन-चार दिवस तापली, कण्हली आणि उठून कामाला लागली. जुलै सरता सरता शहराला वाटले, सुटलो बुवा! पण सप्टेंबरात तोच रोग उग्र रूप घेऊन परतला. 6 ऑक्टोबर या एका दिवसात मुंबई शहरात 768 माणसे मेली. ते दिवस घटस्थापनेचे होते. दसरा 15 तारखेला होता आणि लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या आरंभी. म्हणजे मुंबईतील लाट ओसरू लागली आणि आतल्या मुलखात ती पोचली, ते नेमके आपल्या सणांचे दिवस. त्यातून पावसाने त्या वर्षी दगा दिलेला, खरीप गेलेले, धान्य महागलेले. ज्या घरात फराळाची भाजणी व्हायची, त्या घरात पेज करून घालायलाही कोणी उभे राहू शकत नव्हते. एकट्या मुंबई इलाख्यात या रोगाने दहा लाखांहून अधिक माणसे नेली.

आमचे शहर, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर आणि त्या वेळचे औरंगाबाद, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. दप्तर उर्दू, वर्ष फसली. मुंबईत लोक 1918 चा ऑक्टोबर मोजत होते, तेव्हा आमच्याकडे फसली सन 1327 सरून 1328 लागत होता. पण रोगाला फसली आणि इसवी यांतला भेद कळत नाही, आणि निजामाची सरहद्दही त्याला दिसत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादला जाणारा मीटर गेजचा लोहमार्ग झाला होता. मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस गाडीत बसला, की मनमाडला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी आपल्या वेशीत. त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे, की या साथीचा प्रसार रेल्वेने फार जलद केला. ज्या रुळांनी कापूस गेला आणि कापड आले, त्याच रुळांवरून खोकलाही आला.

आमच्या शहराला आपल्या पाण्याचा मोठा अभिमान. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी वसवली आणि जमिनीखालून नहर काढून डोंगराकडचे पाणी वस्तीत आणले. नहर-ए-अंबरीचे कौतुक आम्ही आजही करतो आणि पाहुण्यांना पाणचक्की दाखवायला नेतो. पाणी कोठून येते आणि कोठे जाते, याचा विचार या शहराने चारशे वर्षांपूर्वी केला. एका खोलीतील हवा किती माणसांच्या छातीतून फिरते, याचा विचार करायला मात्र कोणी मलिक अंबर भेटला नाही. आमच्याच शहराला कशाला, कोणत्याच शहराला भेटला नाही.

आता मोजदादीकडे वळू. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी 1919 मध्ये अहवाल दिला, त्यात देशातील बळींचा अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. दोन वर्षांनी 1921 ची खानेसुमारी झाली आणि घरोघरी गेलेल्या माणसांना रिकामी घरे दिसली. आकडा एक कोटी वीस-तीस लाखांवर गेला. 1951 मध्ये किंग्जली डेव्हिस या लोकसंख्याशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, तो दोन कोटींच्या जवळ गेला. अलीकडच्या अभ्यासकांनी तो काहीसा खाली आणला आहे. कोणी पावणेदोन कोटींच्या आसपास थांबते, तर कोणी एक कोटी चाळीस लाखांच्या. म्हणजे पाहा, माणसे मेली एका हंगामात आणि ती मोजायला शंभर वर्षे पुरली नाहीत! याचे कारण उघड आहे. खेड्यापाड्यांतील मृत्यूच्या नोंदीत बहुतेकांच्या नावापुढे ‘ताप’ हा एकच शब्द असे. आणि जेथे नोंद करणाराच आजारी पडला किंवा मेला, तेथे तोही शब्द नाही.

निजामाच्या राज्याचे आकडे तर विचार करायला लावणारे आहेत. 1901 ते 1911 या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या सुमारे वीस टक्क्यांनी वाढून 1 कोटी 34 लाखांच्या घरात गेली होती. 1921 मध्ये ती 1 कोटी 25 लाखांपर्यंत खाली आली. वाढ तर राहोच, नऊ लाख माणसे कमी भरली. यात प्लेगाचा वाटा आहे, दुष्काळाचा आहे. पण मोठा वाटा मानमोडीचा. लोकसंख्येचे अभ्यासक 1921 या सालाला ‘महाविभाजक’ वर्ष म्हणतात, कारण त्या दशकानंतर देशाची लोकसंख्या कधी घटली नाही.

मेले कोण, हेही पाहिले पाहिजे. मुंबई शहरात या साथीने युरोपियनांमध्ये हजारी सुमारे 8 माणसे गेली, पारशांमध्ये 9. त्या काळच्या नोंदींनी ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून वेगळे दाखवले, त्यांच्यात हजारी 61 गेली. रोग एकच, शहर एकच, हवाही म्हटले तर एकच! फरक होता तो खोलीचा, जेवणाचा आणि आजारपणात कामावर न जाण्याच्या सोयीचा. दुसरी गोष्ट अशी, की एरवीचा इन्फ्लुएंझा तान्ह्या मुलांना आणि वृद्धांना नेतो. याने त्यांना तर नेलेच, पण वीस ते चाळीस या वयाची कर्ती माणसेही नेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. घरातल्या सगळ्यांच्या उशाशी जी बसली, तिच्या उशाशी बसायला कोणी उरले नाही. अंगावर पिणारे मूल आणि मेलेली आई, या दोहोंचा हिशेब खानेसुमारीच्या वेगवेगळ्या रकान्यांत पडला असेल. घरात मात्र तो एकच होता.

त्या काळच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. ते शत्रूलाच ओळखत नव्हते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1892 मध्ये इन्फ्लुएंझाच्या रोग्यांत एक जिवाणू पाहिला होता, आणि तोच या रोगाचे कारण असे जगभर मानले जाई. खरा अपराधी त्याहून कितीतरी लहान होता. 1933 मध्ये लंडनला विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी रोग्याच्या घशातील गाळून घेतलेला स्राव फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या नाकात सोडला. प्राणी शिंकू लागले. पुढे एक फेरेट खुद्द स्मिथसाहेबांच्या तोंडावर शिंकले आणि साहेब अंथरुणाला खिळले! विज्ञानाला माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो असा.

मग फायफरचा जिवाणू अगदीच निरपराध होता काय? तसेही नाही. 1918 मध्ये मेलेल्यांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांची तपासणी आपल्या काळात पुन्हा झाली, तेव्हा दिसले की बहुतेकांचा शेवट जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियाने झाला. विषाणू दाराची कडी काढतो आणि त्या उघड्या दारातून जिवाणू आत शिरतो. विषाणूवर पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकांचा काही उपयोग होत नाही, जिवाणूवर होतो. 1918 मध्ये ही औषधे नव्हतीच. हा दाराचा आणि चोराचा दाखला वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे रोगाची ओळख पटवण्याची सोय हळूहळू झाली. 1952 मध्ये पुण्याला विषाणू संशोधन केंद्र निघाले; तेच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. 1957 च्या मे महिन्यात आशियाई इन्फ्लुएंझा जहाजाने मद्रासला उतरला आणि देशभर फिरला. या वेळी मोजणारे तयार होते: सुमारे 44 लाख रुग्ण आणि सुमारे 1100 मृत्यू अशी नोंद झाली. आमच्या शहरात त्याच्या आदल्याच वर्षी, 1956 मध्ये, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एकाच शब्दाने ओळखतो. आज जालना-बीडकडचे मूल धापा टाकू लागले, की आईबापांच्या तोंडी तोच शब्द येतो.

1956 हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावे. त्या वर्षी अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये एक नवा विषाणू सापडला. थोड्याच दिवसांत कळले, की तो मुळात माणसांच्या मुलांचा सोबती आहे. त्याला आज आरएसव्ही म्हणतात. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी भेटून जातो. बहुतेकांना नाक गळण्यापलीकडे काही होत नाही. काही तान्ह्यांच्या मात्र छातीतील बारीक नळ्या सुजतात आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. अशा विषाणूंची बिरादरी मोठी आहे, आणि मुलाच्या नाकाला या सर्वांचे पाहुणपण करावे लागते. वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी झाली तर आई घाबरून जाते. पण बालवाडीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते चारचौघांसारखेच आहे.

इन्फ्लुएंझाची गोष्ट या बिरादरीत जरा निराळी. तो बहुरूपी आहे. दरवर्षी थोडा वेष बदलतो, म्हणून आदल्या वर्षीची प्रतिकारशक्ती त्याला पुरती ओळखत नाही आणि लसही पुन्हा घ्यावी लागते. कधीकाळी मात्र तो वेष नव्हे, सोंगच बदलतो. मग 1918, 1957, 1968 अशा जागतिक साथी येतात. 2009 मध्ये तसेच झाले. त्या साली 3 ऑगस्टला पुण्यात एक चौदा वर्षांची शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूचा तो भारतातील पहिला बळी. पुणे हादरले. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे तपासणीसाठी रांगेत उभी. 1918 आठवणारे कोणी त्या रांगेत असण्याचा संभव नव्हता. आणि 2020 मध्ये कोरोना आला, तेव्हा आपण सर्वांनी पुन्हा म्हटले, की असे कधी झाले नव्हते! झाले होते. घरातल्या ज्या आजीला ते ठाऊक होते, ती सांगायला उरली नव्हती, आणि ती असताना आपण विचारले नव्हते.

येथवर जी मोजदाद झाली ती साथींची. पण मुलांच्या बाबतीत साथीचे साल आणि बिनसाथीचे साल असा भेद फारसा खरा नाही. दर पावसाळ्यात, दर थंडीत खेड्यापाड्यांतली पोरे खोकत, धापा टाकत आणि त्यांतली काही जात. त्याला मोठे नाव नसे, म्हणून त्याचे सालही कोणी लक्षात ठेवीत नसे. बायका म्हणत, पोराचे पोट उडते आहे. कोठे त्याला डबा झाला म्हणत. मग पोटावर डाग देणे, बिब्बा घालणे, अंगारा लावणे. या उपायांना हसण्याआधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे: ‘पोट उडते आहे’ हे त्या आयांचे निरीक्षण अचूक होते. न्यूमोनिया झालेले मूल भरभर श्वास घेते आणि त्याच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते. डोळे बरोबर होते, हातात औषध नव्हते.

हे डोळे आणि हे औषध एकत्र आणण्याचे काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झाले. आमच्या मराठवाड्याच्या पूर्वेला विदर्भ, आणि विदर्भाच्याही शेवटाला गडचिरोलीचा जंगली मुलूख. 1986 मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य तेथे गेले आणि ‘सर्च’ ही संस्था त्यांनी उभी केली. मुले कशाने मरतात हे त्यांनी पाहिले, तेव्हा न्यूमोनिया हे फार मोठे कारण निघाले. पाप्युआ न्यू गिनी या दूरच्या बेटावर एव्हाना डॉक्टरांनी दाखवून दिले होते, की छातीला नळी न लावता, क्ष-किरणांचे चित्र न काढता, केवळ मिनिटाला श्वास किती, यावरून मुलाचा न्यूमोनिया बऱ्याच अंशी ओळखता येतो. मग हे काम गावातला आरोग्यसेवक का करणार नाही? गावची सुईण का करणार नाही?

अडचण एकच होती. यांतील कित्येक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. दहापर्यंत येत होते. या अडचणीवर बंगांनी काढलेला तोडगा मला नहर-ए-अंबरीच्या तोडीचा वाटतो. त्यांनी मण्यांची एक छोटी चौकट केली आणि तिला एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ जोडले. दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा; पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की समजावे, मुलाला न्यूमोनिया आहे, औषध सुरू करा. अक्षरशत्रू म्हणून जिला सगळ्यांनी मोडीत काढली होती, ती बाई आता डॉक्टरचे निदान करू लागली. औषध होते जुने, स्वस्त प्रतिजैविक, कोट्रायमोक्साझोल. 1988 पासून सुमारे साठ गावांत हे काम झाले, आणि शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा दिसले, की पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. 1990 मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्त्या घड्याळ लावून मुलांचे श्वास मोजतात, त्यांच्या मागे या मण्यांचीही पुण्याई आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थबकावेसे वाटते. 1921 साली ज्या मोजणीला सारे सरकारी दप्तर लागले, ती होती गेलेल्यांची. 1988 साली ज्या मोजणीला दहापर्यंतचे अंक पुरले, ती होती जाऊ पाहणाऱ्यांची. पहिलीने आपल्याला दुःखाचे माप कळले, दुसरीने मुले परत मिळाली. औषध दोन्हींच्या मध्ये आले हे खरे. पण औषध तालुक्याच्या दुकानात पडून असताना कितीतरी मुले गेली आहेत. ते वेळेवर कोणाला द्यायचे, हे ठरवणारा डोळा त्या घरात, त्या रात्री असावा लागतो.

तो डोळा आता आपल्या प्रत्येकाच्या घरात असू शकतो, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. मूल शांत असताना किंवा झोपले असताना त्याच्या पोटाकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर रात्र काढू नये, डॉक्टरांकडे जावे. बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, ओठ निळे पडत असतील, झटके येत असतील किंवा ते उठता उठत नसेल, तर मोजायलाही थांबू नये. उलट, नाक गळते आहे, थोडा ताप आहे, पण मूल खेळते आहे आणि श्वास शांत आहे, तर डॉक्टरांकडे प्रतिजैविकाचा हट्ट धरू नये. चोर आत शिरलेलाच नाही, तर त्याच्यासाठी जालीम औषध कशाला? नको तेथे वापरलेले हे औषध पुढे हवे तेथे बोथट होते.

आजीच्या बटव्याशी माझे वैर नाही. कोमट पाणी, पेज, आईचे दूध आणि मांडीवरची ऊब यांना आजही तोड नाही. पण बाळाला धुरी देणे आणि नाकात तेल सोडणे या दोन गोष्टी आता सोडाव्यात. कोवळ्या छातीला त्या सोसत नाहीत. एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. लसींच्या बाबतीत आजची मुले भाग्यवान. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूवरील लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळू लागली. इन्फ्लुएंझाची लस त्या यादीत नाही. पण सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, अशी बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे या रोगाचा मोठा भर पावसाळ्यात असतो, म्हणून लस पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी.

आणि आता सण आलाच आहे, तर एवढेच. दिवाळीला घरात पाहुणे येणार, बाळाला या हातातून त्या हातात घेणार, पापे घेणार. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने बाळाचे कौतुक दुरूनच करावे. यात कोणी राग मानू नये. फटाक्यांच्या धुरात तान्ह्याला उभे करू नये. अभ्यंगस्नान झाले, फराळ झाला, की घरात कोणी नव्वदीचे आजोबा-आजी असतील त्यांच्याजवळ मुलांना बसवावे आणि त्यांच्या आईवडिलांनी सांगितलेल्या मानमोडीच्या साली काय झाले ते विचारू द्यावे. त्या साली कितीतरी घरांत पणती लावायला कोणी उरले नव्हते. आपल्या घरात सांजेला पणत्या लागतील आणि शेजारच्या पाळण्यात मूल शांतपणे श्वास घेत असेल, त्या श्वासाकडे मिनिटभर पाहत बसण्याइतकी सवड प्रत्येक घराला मिळो.